वेगवान मशीनवर न दिसणारा बग: संगणक मुद्दाम संथ कसा करावा?

रात्रपाळी:
बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर आहे, सी++ आणि क्यूटी या लायब्ररीतलं. लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर चालतं. काही ग्राहकांकडे प्रोग्रॅम उघडताना सेटिंग्जची फाइल मधूनच रिकामी वाचली जाते आणि कराच्या दरांपासून प्रिंटरपर्यंत सगळं डिफॉल्टवर जातं. तक्रार येणारी मशीनं एकाच जातकुळीतली: दोन कोअर, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. डेव्हलपमेंटचं मशीन १६ थ्रेडचं, एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) असलेलं. त्यावर बग दर्शनच देत नाही. म्हणून मशीन मुद्दाम संथ करायचं आहे. प्रोसेसला नाइस १९ (सगळ्यात खालचा प्राधान्यक्रम) देऊन काडीचाही फरक पडला नाही. नीट रीत कोणती?

कर्नलपंत:
नाइसने फरक पडणारच नाही. नाइस म्हणजे रांगेतला नंबर. मशीन मोकळं असेल तर रांगच नसते, मग १९ वाली प्रोसेससुद्धा आख्खा कोअर खाते.

आधी "संथ" म्हणजे नेमकं काय ते फोडून घ्या. कोअर कमी, सीपीयूचा वेग कमी, डिस्क हळू, मेमरी अपुरी. तुमच्या ग्राहकाकडे चारही आहेत, पण सगळं एकदम आवळलंत तर बग दिसेल आणि कशामुळे दिसला ते कळणार नाही. एका वेळी एकच खुंटी पिळा.

सुरुवात कोअरपासून, कारण ते फुकटात होतं. टास्कसेटला -सी ० देऊन प्रोग्रॅम एकाच कोअरवर चालवा, मग ०,१ देऊन दोनवर. हे दोन्ही करणं महत्त्वाचं आहे. एका कोअरवर दोन थ्रेड खऱ्या अर्थाने एकाच क्षणी चालत नाहीत, त्यामुळे काही रेस (दोन कामांपैकी आधी कोण यावर अवलंबून असणारे बग) नाहीशा होतात. उलट "एक थ्रेड अर्ध्या कामात बाजूला सारला गेला" या जातीच्या रेस तिथेच जास्त दिसतात.

एक खाच: प्रोग्रॅम कोअर मोजून थ्रेड काढत असेल तर काही लायब्रऱ्या ॲफिनिटी (कोणत्या कोअरवर चालायची मुभा आहे ते) पाहतात, काही पाहत नाहीत. मग एका कोअरवर १६ थ्रेड अशी, ग्राहकाकडे कधीच नसणारी अवस्था तयार होते. खात्रीच हवी तर बूटच्या वेळी कर्नलला एनआर_सीपीयूज=२ आणि मेम=४जी द्या. मग सगळ्यांना तेच दिसतं.

शंकासुर:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लॅमिंग्टन रोडवरून एखादा जुना लॅपटॉप उचला, त्यावर चालवा. विषय संपला.

कर्नलपंत:
@शंकासुर, रिलीजच्या आधीची शेवटची तपासणी जुन्या मशीनवर करावीच. पण बग शोधायला त्याचा उपयोग कमी. तिथे बग दहा वेळा उघडल्यावर एकदा दिसणार आणि तुम्ही तो सेटिंग्जचा कोड बदलल्यावर नऊ वेळा दिसला नाही तर काय सिद्ध झालं? खुंटी हातात असली की दहापैकी दहा वेळा दिसेपर्यंत पिळता येते, आणि मग दुरुस्ती झाली की नाही ते ठामपणे सांगता येतं.

जुन्या मशीनचा एक फायदा मात्र संथपणाशी संबंधित नाही: तिथल्या सीपीयूत एव्हीएक्स२ सारख्या नव्या सूचनाच नसतात. वेग कितीही कमी केला तरी "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" दिसणार नाही. त्यासाठी क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये टीसीजी (सीपीयूची पूर्ण सॉफ्टवेअरमधली नक्कल) वापरून नेहेलेमसारखं जुनं सीपीयू मॉडेल निवडावं लागतं.

आता सीपीयू. लिनक्सवर दोन मार्ग आहेत आणि लोक ते एकच समजतात.

पहिला मार्ग, फ्रीक्वेन्सी उतरवणे. सीपीयूपॉवरच्या फ्रीक्वेन्सी-सेटला -यू ८००मेगाहर्ट्झ द्या. सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दिसतात तिथे) प्रत्येक पॉलिसीखाली स्केलिंग_मॅक्स_फ्रेक नावाची फाइल असते, त्यात किलोहर्ट्झमध्ये लिहिलंत तरी तेच. सीपीयूइन्फो_मिन_फ्रेकच्या खाली जाता येत नाही. हे खरंखुरं संथ होणं आहे. मात्र रॅमचा विलंब नॅनोसेकंदात तेवढाच राहतो, म्हणून मेमरीची वाट पाहणारा कोड त्या प्रमाणात संथ होत नाही. ४ पट उतरवून अडीच पटच फरक दिसला तर दचकू नका.

दुसरा मार्ग, कोटा. सीग्रुप (प्रोसेसच्या गटावर मर्यादा घालायची कर्नलची सोय) व्ही२ मध्ये सीपीयू.मॅक्स या फाइलीत दोन आकडे असतात, दोन्ही मायक्रोसेकंदात: कोटा आणि पीरियड. २५००० १००००० म्हणजे दर १०० मिलिसेकंदांत २५ मिलिसेकंद चालायचं आणि उरलेला वेळ पूर्ण गप्प. हाताने लिहायचं नसेल तर सिस्टिमडी-रनला --स्कोप आणि सीपीयूकोटा=२५% द्या. यूजर सेशनला सीपीयू कंट्रोलर सोपवलेला नसेल तर सुडोने चालवावं लागेल, आणि तेव्हा --यूआयडी द्यायला विसरू नका. नाहीतर प्रोग्रॅम रूट म्हणून चालेल, सेटिंग्ज रूटच्या घरात लिहील आणि तुम्ही भलतीच फाइल तपासत बसाल.

आणि हे २५% एका कोअरचे. १६ थ्रेड एकदम धावले तर २५ मिलिसेकंदांचा वाटा दीड मिलिसेकंदात संपतो आणि पुढचे सुमारे ९८ मिलिसेकंद सगळं ठप्प. त्याला संथ मशीन म्हणत नाहीत, फीट येणारं मशीन म्हणतात. म्हणून कोट्याबरोबर टास्कसेट किंवा अलाउडसीपीयूज लावा.

खिडकीवाला:
विंडोजची बाजू मांडतो.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, तिथे मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. ३०% करा. बॅटरी आणि प्लग्ड-इन दोन्ही रकाने. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो. पॉवरसीएफजीने -ॲट्रिब_हाइड काढून तो दिसता करता येतो, किंवा सरळ सेटएसीव्हॅल्यूइंडेक्सने प्रोकथ्रॉटलमॅक्सला आकडा द्या आणि त्यानंतर सेटॲक्टिव्ह चालवा. सेटॲक्टिव्ह राहिलं तर बदल लागू होत नाही आणि माणूस आकड्यांशी झुंजत बसतो. ५% लिहिलं म्हणून वेग ५% होत नाही, सीपीयूच्या किमान वेगाशी थांबतो. ९९% केलंत तर बहुतेक मशीनवर टर्बो तेवढा बंद होतो. मोजमाप स्थिर हवं असेल तेव्हा हीच युक्ती कामाची.

एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर कोअरची संख्या आणि कमाल मेमरी ठरवता येते. मेमरीच्या रकान्यापासून जपून राहा. फार कमी लिहिलं तर विंडोज उठतच नाही आणि मग रिकव्हरीतून बीसीडी (बूटच्या सेटिंग्जची नोंद) निस्तरावं लागतं.

खरं तर स्वतःचं मशीन न छेडता हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये करावं. हायपर-व्हीत सेट-व्हीएमप्रोसेसरला -मॅक्झिमम २५ दिलं की झालं, आणि व्हर्च्युअल डिस्कला मॅक्झिममआयओपीएस (सेकंदाला कमाल किती वाचन-लेखन) ठरवता येतं (मोजणी ८ केबीच्या एककात). व्हर्च्युअलबॉक्समध्ये सीपीयूएक्झिक्यूशनकॅप ३०. ते मशीन चालू असतानाही बदलता येतं. पण या कॅपमुळे आतल्या घड्याळात गडबड होऊ शकते असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. टायमरशी संबंधित बग शोधत असाल तर तिथे जाऊ नका.

मुळाक्षर:
फ्रीक्वेन्सी आणि कोटा यातला फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर टाइम कमांड पुरते. फ्रीक्वेन्सी उतरवली की रिअल आणि यूजर दोन्ही वाढतात. कोटा लावला की यूजर जवळपास तेवढाच राहतो, फक्त रिअल ताणला जातो. सीग्रुपच्या सीपीयू.स्टॅटमध्ये एनआर_थ्रॉटल्ड वाढत नसेल तर तुमचा कोटा लागलेलाच नाही, पुढचं सगळं व्यर्थ. बहुतेक वेळा कारण एवढंच की प्रोग्रॅमने काम दुसऱ्याच सीग्रुपमधल्या सर्व्हिसकडे सोपवलेलं असतं.

कोटा जास्त "गुळगुळीत" हवा असेल तर पीरियड कमी करा. सिस्टिमडीत सीपीयूकोटापीरियडसेक=१०एमएस. मग अडीच मिलिसेकंद चालणं, साडेसात थांबणं. कर्नल १ मिलिसेकंदाच्या खाली जाऊ देत नाही.

सीपीयूलिमिट नावाचं जुनं साधनही असंच थांबवून-चालवून काम करतं, पण सिगस्टॉप आणि सिगकॉन्ट पाठवून. प्रोसेसला स्वतःला आणि पालक प्रोसेसला ते सिग्नल जाणवू शकतात. सीग्रुप असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

शंकासुर:
मग यातलं नक्की कोणतं वापरायचं? दोन्हींत मशीन संथच होतंय ना!

कर्नलपंत:
इथेच तर सगळी गोम आहे. कामगिरी मोजायची असेल ("जुन्या मशीनवर बिल उघडायला किती वेळ लागेल") तर फ्रीक्वेन्सी. रेस पकडायची असेल तर कोटा, आणि तोही मोठ्या पीरियडचा.

आकड्यात सांगतो. समजा दोन घटनांमधली धोक्याची फट २०० मायक्रोसेकंदांची आहे. वेग चौथ्या हिश्श्यावर आणला तर ती ८०० मायक्रोसेकंद होते. बरी, पण अजून बारीकच. २५% कोट्यात मात्र थांबण्याचा क्षण नेमका त्या फटीत पडला तर ती एकदम ७५ मिलिसेकंदांची होते. म्हणजे कामगिरी मोजताना कोट्याचा जो दोष, तोच रेस शोधताना गुण. अट एकच: थांबवणारा कोटा फक्त लिहिणाऱ्या प्रोसेसला लावा, वाचणारीला नाही. दोघी एकाच सीग्रुपमध्ये असतील तर दोघी एकदम झोपतील, एकदम उठतील आणि फट फटच राहील.

@रात्रपाळी, फाइल लिहिणारा आणि वाचणारा एकाच प्रोसेसमध्ये आहेत की वेगळे? आणि लिहिता कशाने?

रात्रपाळी:
वेगळे. मागे चालणारी सिंकची प्रोसेस लिहिते, मुख्य प्रोग्रॅम उघडताना वाचतो. लिहायला क्यूफाइल राइटओन्लीत उघडतो, क्यूटेक्स्टस्ट्रीमने ओळी लिहितो, क्लोज करतो. फाइल जेमतेम ६ केबी.

मुळाक्षर:
मग फट कुठे आहे ते उघडच आहे. क्यूफाइल नुसत्या राइटओन्लीत उघडली की फाइल त्याच क्षणी शून्य बाइटची होते. ओळी आधी बफरमध्ये साठतात. ६ केबी म्हणजे बफरमध्येच मावतं, म्हणून प्रत्यक्ष राइट कॉल होतो तो क्लोजच्या वेळी. ओपन ते क्लोज यामधल्या सगळ्या वेळात डिस्कवर रिकामी फाइल असते. त्या मध्येच सेटिंग्ज गोळा करायला डेटाबेस वाचत असाल तर फिरत्या डिस्कवर ती फट दहापट-वीसपट रुंदावणार. तुमच्याकडे एनव्हीएमईवर ती जाणवत नाही एवढंच.

हे पडताळायला आख्खं मशीन संथ करायची गरजच नाही. एसट्रेस (प्रोग्रॅमने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) सिंकच्या प्रोसेसला लावा आणि विलंब टोचा: -एफ, आणि -ई ला इंजेक्ट=राइट:डिले_एंटर=३०००००. आकडा मायक्रोसेकंदात, म्हणजे प्रत्येक राइटच्या आधी ०.३ सेकंद. फाइल शून्य झाल्यानंतर आणि भरण्याआधी बरोबर तेवढी मोकळी जागा मिळते. लॉगचे राइटही तेवढेच रखडतील. लॉग फार असतील तर ते बंद करा, किंवा व्हेन= ने "तिसऱ्यापासून पुढे" अशी निवड करा. एसट्रेस मुळातच प्रोग्रॅमला बराच संथ करतो, त्यामुळे या अवस्थेत वेळ मोजू नये, फक्त बग येतो का ते पाहावं.

कळफलकर:
डिस्कबद्दल कोणी सविस्तर बोललं नाही, म्हणून भर घालतो.

७२०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरी ८.३ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी अर्धी फेरी ४.२. त्यात डोकं हलवायचे ८-९ धरा. एका विखुरलेल्या वाचनाला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ७५-८० वाचनं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण खोटी संथ डिस्क बनवायच्या दोन पद्धतींपैकी एक यात फसते.

डीएम-डिले (विलंब घालणारं आभासी डिस्क डिव्हाइस): ट्रंकेटने २ जीबीची फाइल, लॉसेटअपने तिचं लूप डिव्हाइस, ब्लॉकडेव्ह --गेटएसझेडने सेक्टर मोजा, डीएमसेटअप क्रिएटला टेबल द्या: ०, सेक्टरसंख्या, डिले, डिव्हाइस, ०, १२. शेवटचा आकडा मिलिसेकंद. मग त्यावर ईएक्सटी४ घालून माउंट करा आणि प्रोग्रॅमचा डेटा तिथे ठेवा. प्रत्येक विनंती १२ मिलिसेकंद उशिरा पोचते. पण ३२ विनंत्या एकदम पाठवल्या तर ३२ही एकदमच १२ मिलिसेकंदांनी पोचतात! खरी डिस्क त्या जवळपास एकेक करून वाचते, ३०० मिलिसेकंदांच्या घरात जाते. म्हणजे डीएम-डिले ही लांबच्या नेटवर्क स्टोरेजची नक्कल आहे, फिरत्या डिस्कची नाही.

फिरत्या डिस्कसाठी सीग्रुपचं आयओ.मॅक्स: डिव्हाइसचा मेजर:मायनर क्रमांक, मग आरआयओपीएस=८० डब्ल्यूआयओपीएस=८०. क्रमांक आख्ख्या डिस्कचा द्यायचा, पार्टिशनचा दिला तर चूक येते.

दोन्हींत पेज कॅशचा घोळ आहेच. फाइल एकदा वाचली की पुढची वाचनं रॅममधून होतात, तुमचा विलंब कोपऱ्यात बसून राहतो. प्रत्येक फेरीच्या आधी सिंक करा, मग ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहा. मेमरी आवळायची तर मेमरीमॅक्सच्या आधी मेमरीहाय वापरा: हाय ओलांडलं की प्रोसेस रेटली जाते, मॅक्स ओलांडलं की मारली जाते. तुमच्या लिनक्सवर झेडरॅम स्वॅप चालू असेल तर बंद करा, नाहीतर स्वॅप रॅमच्याच वेगाने होईल आणि जुन्या डिस्कवरची ती घरघर कधी दिसणार नाही.

पाटावरवंटा:
वेबवाल्यांसाठी: क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये परफॉर्मन्स पॅनेलला सीपीयू थ्रॉटलिंग आहे, ४ पट, ६ पट, नव्या आवृत्तीत २० पटही. हे "तुमच्या मशीनच्या" पटीत असतं. तगड्या मशीनवरचे ४ पट आणि पाच वर्षं जुन्या लॅपटॉपवरचे ४ पट यांची तुलना करू नये. शिवाय रेटला जातो तो मुख्य थ्रेड. जीपीयू तसाच सुसाट राहतो. लाइटहाउस (वेबपानाची कामगिरी तपासणारं साधन) मोबाइलसाठी मुळातच ४ पट सीपीयू, १५० मिलिसेकंद आरटीटी (जाऊन-येऊन लागणारा वेळ) आणि १.६ एमबीपीएस धरतं. त्यावर डेव्हटूल्सची थ्रॉटलिंग चढवाल तर दुप्पट शिक्षा.

शंकासुर:
नेटवर्कचं पण सांगून टाका कोणीतरी, सिंक प्रोसेस म्हटल्यावर ते येणारच.

मुळाक्षर:
लिनक्सवर टीसी ही कमांड आणि तिचं विलंब-गळती घालणारं नेटएम. डिले ३००एमएस १००एमएस, लॉस २%. नेटएम बाहेर जाणाऱ्या पाकिटांनाच लागतो. आत येणाऱ्यांसाठी आयएफबी डिव्हाइसकडे वळवावं लागतं. लूपबॅकवर लावलंत तर विनंती आणि उत्तर दोन्ही त्याच लूपबॅकमधून जातात, म्हणून १०० दिले की आरटीटी २०० होतो. रांगेची मर्यादा मुळात १००० पाकिटं; विलंब मोठा आणि वेग जास्त असेल तर न मागितलेली गळतीही सुरू होते, लिमिट वाढवा. विंडोजवर क्लम्झी, मॅकवर नेटवर्क लिंक कंडिशनर.

जुना_खेळगडी:
अवांतर: उलटा रोगही होता. टर्बो पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये सुरुवातीलाच एक मोजणी चाले: ५५ मिलिसेकंदांच्या एका टिकमध्ये किती चकरा होतात ते मोजून ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत मावलं पाहिजे, म्हणजे चकरा साधारण ३६ लाखांच्या आत. २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचलेल्या पेंटियमने ती मर्यादा ओलांडली आणि "रनटाइम एरर २००" घेऊन चांगले चालते प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच मरू लागले. डॉसबॉक्स या डॉसच्या एम्युलेटरमध्ये सायकल्स ३००० ठेवा, आजही चालतात. कंट्रोल-एफ११ ने कमी, कंट्रोल-एफ१२ ने जास्त.

कर्नलपंत:
@जुना_खेळगडी, अवांतर नाहीच हे. क्यूईएमयूचं आयकाउंट त्याच विचाराचं आहे. शिफ्ट=१० दिलं की प्रत्येक सूचनेला आतल्या घड्याळाचे १०२४ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला दहाएक लाख सूचनांचं मशीन. आतलं घड्याळही सूचनांबरोबरच सरकतं, त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमला सीपीयू खरोखर संथ वाटतो. केव्हीएमबरोबर (खऱ्या सीपीयूवर थेट चालणाऱ्या व्हर्च्युअलायझेशनबरोबर) चालत नाही, टीसीजीच लागतो.

जावावाल्यांनी एक ध्यानात ठेवा. कंटेनरला अर्धा सीपीयू दिला की जेव्हीएमला प्रोसेसर एकच दिसतो, आणि दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा १७९२ एमबीहून कमी मेमरी असेल तर तो आपणहून सीरियल जीसी (न लागणारी मेमरी साफ करणारा एक प्रकार) निवडतो. तुम्हाला वाटतं आपण तोच प्रोग्रॅम संथ करून पाहतोय. प्रत्यक्षात कचरा उचलणारा गडीच बदललेला असतो. जीसी ऑप्शन स्पष्ट लिहा.

रात्रपाळी:
एसट्रेसचा ०.३ सेकंद लावला. मुख्य प्रोग्रॅम त्या वेळात उघडला की दर वेळी फाइल रिकामी. मग एसट्रेस काढून फक्त सिंकला १०% कोटा दिला, तरीही येतो, मधूनमधून. नुसती फ्रीक्वेन्सी ८०० वर आणून मात्र एकदाही नाही. लिहिण्यासाठी क्यूसेव्हफाइल वापरली तर पुरेल ना?

मुळाक्षर:
पुरेल. ती शेजारी तात्पुरती फाइल लिहिते आणि कमिटच्या वेळी मूळ नावावर आणते, त्यामुळे वाचणाऱ्याला जुनी किंवा नवी, पण पूर्ण फाइलच मिळते. कमिट न करता ऑब्जेक्ट गेला तर लिहिलेलं सगळं टाकून दिलं जातं. फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते, नुसती फाइलची पुरत नाही.

खिडकीवाला:
आणि विंडोजवर कमिटचं उत्तर तपासाच. मुख्य प्रोग्रॅमने किंवा अँटिव्हायरसने त्याच क्षणी फाइल उघडून धरली असेल तर नाव बदलणं फसतं आणि कमिट फॉल्स देतं. ५०-१०० मिलिसेकंद थांबून दोन-तीनदा पुन्हा प्रयत्न करा. हा रस्ता तपासायलाही संथपणा हवा, पण या वेळी वाचणाऱ्या बाजूला: वाचणाऱ्याने फाइल उघडल्यावर दोन सेकंद स्लीप घालून चाचणीचं बिल्ड काढा आणि सिंक तेव्हाच चालवा.

मुळाक्षर:
एसट्रेसचा तोच विलंब नव्या कोडवरही लावून बघा. राइट आता तात्पुरत्या फाइलीवर होईल, ०.३ च्या जागी ५ सेकंद दिले तरी मुख्य प्रोग्रॅमला जुन्या सेटिंग्ज पूर्ण दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर त्या फाइलीला लिहिणारं अजून कोणीतरी आहे.